उलटं धरलेलं घड्याळ

काकांच्या मनगटावरचं घड्याळ पहाटे तीनला वाजायचं आणि ते दोन घरांना ऐकू यायचं. कोपरगावच्या गावठाणात, नदीकडे उतरणाऱ्या बोळातल्या एका जुन्या वाड्यात आमची दोन बिऱ्हाडं होती. मधे कुडाची भिंत. पलीकडे काका-काकू, अलीकडे आई आणि मी. माझे वडील आणि काका तालुक्यातल्या एकाच साखर कारखान्यात नोकरीला होते; वडील बॉयलरवर, काका लॅबमध्ये केमिस्ट. मी तिसरीत असताना वडील गेले. आईने शिलाई मशीन घेतलं, परकर-पोलक्यांची कामं धरली आणि आम्ही त्याच दोन खोल्यांत राहिलो. काका आमचे कुणी लागत नव्हते. आई त्यांना भाऊजी म्हणायची, एवढंच नातं. पण आज मी जी काही आहे तिच्यातून काकांचा वाटा बाजूला काढायला गेले तर हाती फार थोडं उरेल. म्हणून हे लिहिते आहे.

हंगाम सुरू झाला, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की आमच्या तालुक्याचा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. दारणा धरण झालं, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे उजवे-डावे कालवे निघाले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून साकरवाडी, कोळपेवाडी, संजीवनी असे कारखाने उभे राहिले. पाळ्या तीन : पहाटे चार ते बारा, बारा ते आठ, रात्री आठ ते चार. चारच्या पाळीला जायचं तर तीनला उठावं लागे. कारखान्याची गाडी नाक्यावरून निघायची आणि ती कुणासाठी थांबत नसे. लॅबमधलं काम तर सगळं घड्याळाचंच. ठरल्या वेळी रसाचा नमुना घ्यायचा, रसातल्या साखरेचा अंदाज देणारा ब्रिक्स बघायचा, पोल काढायचा, नोंदवहीत लिहायचा. काका म्हणायचे, "आपण झोपलो तरी रस झोपत नाही. तो तेवढ्या वेळात आंबतो."

घड्याळ स्विस होतं. व्हल्केन कंपनीचं, 'क्रिकेट' नावाचं. १९७४ साली कारखान्याच्या कामाने मुंबईला गेले असताना काकांनी ते अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका दुकानातून वापरलेलं घेतलं. परदेशी घड्याळांच्या आयातीवर तेव्हा कडक निर्बंध होते आणि नवी घड्याळं पुष्कळदा चोरट्या वाटेने यायची. काकांना तसलं नको होतं. जुनं, पण पावतीसह मिळेल असं त्यांनी शोधून काढलं. पगाराचे दीड महिने त्यात गेले. काकूने त्याबद्दल त्यांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही, ही गोष्ट मला मोठी झाल्यावर कळली आणि तेव्हापासून त्या घड्याळाच्या ऋणात मी काकूलाही धरते.

हातावर बांधायचं आणि जोरात वाजणारं घड्याळ बनवणं सोपं नव्हतं. मनगटाला चिकटलेली वस्तू वाजली तरी आवाज कातडीत मुरतो. शिवाय एकाच स्प्रिंगवर काटेही चालवायचे आणि घंटाही वाजवायची म्हटलं तर वेळ चुकू लागते. व्हल्केनच्या रोबेर दितिशाइम यांनी अनेक वर्षं खटपट करून १९४७ साली हे दोन्ही प्रश्न सोडवले. त्यांना वाट दाखवली ती पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने, असं सांगतात. पाण्याखाली ध्वनिलहरी सोडून पाणबुडीचा ठाव घेण्याचं तंत्र ज्यांनी पहिल्या महायुद्धात उभं केलं तेच हे लांजव्हँ. एवढासा रातकिडा जर लांबवर ऐकू येतो तर घड्याळाला का जमू नये, असा त्यांचा मुद्दा. म्हणून आत एक पातळ पडदा बसवला, त्यावर हातोडी आपटायची सोय केली, आणि मागे दुहेरी झाकण ठेवून बाहेरच्या झाकणाला भोकं पाडली. आतल्या आवाजाला घुमायला जागा मिळाली आणि बाहेर पडायला वाट. स्प्रिंगा दोन. एकच चावी; ती एका बाजूला फिरवली की काट्यांची स्प्रिंग भरते, उलट्या बाजूला फिरवली की गजराची. पुढे हे घड्याळ अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हातावर गेलं, १९५४ साली इटालियन गिर्यारोहकांबरोबर के-टू शिखराच्या मोहिमेवर गेलं. हे सगळं मला खूप नंतर वाचून कळलं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं की भिंतीपलीकडे वीस-पंचवीस सेकंद कर्रर्र असा आवाज होतो आणि मग काका भिंतीवर दोनदा बोटं वाजवतात.

ती बोटं माझ्यासाठी असायची. दहावीच्या वर्षी आईने एकदा सहज म्हटलं होतं, पोरीला पहाटे उठवत नाही, मलाच जाग येत नाही. दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू झाली. मी उठून इकडून दोनदा वाजवायची, मगच ते चुलीकडे वळायचे. बारा किंवा आठची पाळी असली की त्यांना तीनला उठायचं काहीच कारण नसे. तरी गजर लागलेला असायचा. गजर बंद करायचा, भिंत वाजवायची, माझं उत्तर ऐकायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात घड्याळ काकूच्या उशाशी ठेवून जायचे आणि भिंत काकू वाजवायची. दहावी, मग बारावी, मग गावातल्याच सद्गुरू गंगागीर महाराज कॉलेजात बी.एस्सी. इतकी वर्षं. एक माणूस आपली झोप मोडून घेतो ती दुसऱ्याच्या मुलीला रसायनशास्त्र यावं म्हणून. मी पुढे पुष्कळ शिक्षक पाहिले, मार्गदर्शक पाहिले. याच्या तोडीचं मला कुणी काही दिलेलं नाही.

वेळेबद्दल त्यांना जे प्रेम होतं त्याचं मूळ लालबागमध्ये होतं. ते तिथल्या चाळीत वाढले, आणि त्यांच्या लहानपणी मुंबईत दोन वेळा चालायच्या. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. नव्या वेळेला गिरणी कामगारांनीही विरोध केला होता. महापालिका आपली जुनी 'मुंबईची वेळ' पाळत राहिली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, ती थेट १९५५ पर्यंत. रेल्वेच्या घड्याळात एक वेळ, शहराच्या घड्याळात दुसरी. काकांचे वडील गिरणीत होते. ते पोराला विचारायचे, "आता किती वाजले, आणि कुणाच्या घड्याळात?" हाच प्रश्न काकांनी मला विचारला. त्यांनीच मला वाड्याच्या चौकात काठी उभी करून सावली मोजायला लावली आणि दाखवलं की कोपरगावला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा सरासरीने साडेबारा वाजून गेलेले असतात. आपण रेखांश ८२.५ अंशांच्या वेळेवर जगतो आणि राहतो साडेचौऱ्याहत्तरच्या जवळ. अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटांचा फरक. ज्या गावात शुक्राचार्यांच्या मंदिरात लग्न लावायला मुहूर्त लागत नाही असं मानतात, त्या गावात वेळेचं गणित मी या माणसाकडून शिकले.

१९९३ च्या सप्टेंबरात मला संशोधनासाठी इंग्लंडला, लीड्सला जायचं होतं. पुण्याहून एम.एस्सी. झालं होतं, शिष्यवृत्ती मिळाली होती. आई एकटी राहणार होती. तिला लंडन किती लांब आहे यापेक्षा एकाच गोष्टीची काळजी होती : "तिकडे रात्र कधी असते ते मला कसं कळायचं? मी तुझी आठवण काढीन तेव्हा तू झोपलेली असशील का जागी?"

काकांनी हातातलं घड्याळ सोडलं. दुपारचे दोन वाजत होते. घड्याळ त्यांनी आईच्या तळहातावर ठेवलं आणि उलटं फिरवलं, बाराचा आकडा खाली, सहाचा वर. "वहिनी, आता वाचा." लहान काटा आठाच्या जागी, मोठा सहाच्या. साडेआठ. "तिकडे आता सकाळचे साडेआठ. पोरगी चहा पीत असेल."

हा चमत्कार नाही, साधं गणित आहे. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. घड्याळ अर्धं फिरवलं की तासकाटा सहा तास सरकतो आणि मिनिटकाटा अर्धा तास. सहातून अर्धा गेला की साडेपाच. तासकाटा नेमक्या जागी बसत नाही, थोडा चुकलेला दिसतो, पण वाचणाऱ्याला वेळ कळते. जगात आपल्यासारखे अर्ध्या तासाचे देश थोडे, आणि ही युक्ती भारतातल्या माणसाच्या घड्याळाला आणि ग्रिनिचच्या वेळेला बरोब्बर लागू पडते. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीस मागे आणतात. काकांनी तेही मागाहून शोधून आईला सांगितलं : उन्हाळ्यात उलटं वाचायचं आणि त्यात एक तास मिळवायचा. आईने ते असं लक्षात ठेवलं की ती पुढे शेजारणींना सांगायची, घड्याळ उलटं धरलं की माझी लेक दिसते.

तेव्हा घरी फोन नव्हता. मेन रोडला पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ होतं. रविवारी लीड्सला दुपारी तीन वाजता मी त्या बूथवर फोन लावायचा, आईने तिथे बसून राहायचं, असं ठरलं. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. माझी शिष्यवृत्ती बेताची होती, मिनिटं मोजून बोलावं लागे. आई पाच मिनिटं उशिरा पोहोचली तर तो आठवडा गेला. म्हणून 'क्रिकेट'चा गजर आता रविवारी संध्याकाळी लागू लागला. वीस मिनिटं आधी तो वाजायचा, काका हातात बॅटरी घेऊन दारात उभे राहायचे, कारण वीज असेलच याची खात्री नसे, आणि आईला बूथपर्यंत घेऊन जायचे. ती बोलत असताना ते बाहेर थांबायचे. मी कितीदा म्हटलं, काकांना द्या फोन. ते घ्यायचे, विचारायचे, "जेवण होतं का नीट? थंडी किती?" आणि लगेच आईकडे द्यायचे. पैसे माझे जात होते आणि ते त्यांना स्वतःवर खर्च होऊ द्यायचे नव्हते.

हंगामात रविवारची सुट्टी नसते. बारा ते आठ पाळी असली की ते कुणाशी तरी अदलाबदल करून घ्यायचे; त्या बदल्यात दुसऱ्याची रात्रपाळी करायचे. आणि स्वतःची रात्रपाळी असली, बदली मिळाली नाही, तर निघण्यापूर्वी गजर लावून, दोन्ही बाजूंनी चावी भरून, घड्याळ आईच्या हातावर बांधून जायचे. आठ तासांची पाळी, तासातासाचं काम, आणि केमिस्टच्या मनगटावर घड्याळ नाही. आई संकोचायची. ते म्हणायचे, "लॅबमध्ये भिंतीवर घड्याळ आहे की." आईच्या हातावर तो पट्टा मोठा व्हायचा, तिने त्याला सुईने आणखी एक भोक पाडलं होतं. ते भोक अजून आहे. मी पट्टा बदललेला नाही.

आता १९९७ च्या जानेवारीबद्दल. मी लीड्सला गेल्यावरही काकांनी भिंतीवरची टकटक सोडली नव्हती. चारच्या पाळीला निघताना दोनदा वाजवायची. पलीकडून आई दोनदा वाजवायची. ती जागी आहे, ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग काकूला उठवलं आणि दोघांनी दाराची कडी तोडली. आई जमिनीवर पडलेली, उजवी बाजू गेलेली, बोलता येत नव्हतं. काकांनी कामावर जाणं सोडून दिलं, ओळखीच्या माणसाची जीप काढली आणि अंधारातच तिला नाशिकला नेलं.

सात वाजता डॉक्टरांनी सांगितलं की पुढचा एक दिवस काढला तर आशा आहे. काका खाली आले, रस्त्यापलीकडे फोनचं बूथ उघडं होतं. माझ्या घरमालकिणीचा नंबर त्यांच्या खिशात होता. त्यांनी घड्याळ सोडलं, उलटं धरलं. रात्रीचा दीड.

त्यांनी फोन केला नाही. परत वर जाऊन बाकावर बसले. साडेअकराला पुन्हा खाली आले, तिकडे सहा वाजले होते, आणि मग फोन लावला. ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. आई आजारी आहे, दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे, मी इथेच बसलोय. तुझं तिकिटाचं ऑफिस किती वाजता उघडतं? पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आधी बघ. स्वेटर घालून नीघ.

मी दोन दिवसांनी पोहोचले. आईने मला ओळखलं. नंतर, ती घरी आल्यावर, मी काकांना विचारलं की साताला का नाही कळवलंत. ते म्हणाले, "रात्री दीडला तू काय केलं असतंस गं? विमान नाही, बस नाही, बोलायला माणूस नाही. अंधारात बसून राहिली असतीस. सकाळी हातपाय तरी हलवता आले. तोवर मी होतोच ना इथे." ते हे अगदी साध्या सुरात म्हणाले, लॅबमधला आकडा सांगावा तसे. ती बातमी घेऊन साडेचार तास कुणीतरी अंधारात बसायचंच होतं. ते बसले. माझ्या वाट्याची ती रात्र त्यांनी स्वतःकडे घेतली आणि मी तिकडे झोपले होते. आई त्यानंतर सहा वर्षं होती, काठी घेऊन चालायची, डाव्या हाताने काजं करायची.

परदेशात असताना मी एकदा त्यांच्यासाठी एक भारी क्वार्ट्झ घड्याळ आणलं होतं. त्यांनी ते कौतुकाने पाहिलं, दोन दिवस वापरलं आणि लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलाला देऊन टाकलं. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं म्हणाले. त्यांना काही द्यायचं म्हटलं की ते असं पुढे निघून जायचं. शेवटी मी तो नाद सोडला. आईसाठी औषधं आणताना त्यांच्यासाठी लवंगा आणायच्या, एवढंच त्यांना चालायचं.

काका २०११ साली गेले. तेराव्यानंतर काकूने घड्याळ माझ्या हातात दिलं. मी नको म्हणाले, त्यांच्या मुलाचा हक्क आहे म्हणाले. काकू म्हणाली, त्यालाच विचारून देतेय. मी ते पुण्यात एका जुन्या कारागिराकडे उघडून साफ करून घेतलं. त्याने भिंगातून आत बघत विचारलं की केसवरचे ओरखडे पॉलिश करून काढू का. मी नाही म्हटलं. आता अशा जुन्या 'क्रिकेट'ला संग्राहक चांगली किंमत देतात, आणि ती देणारेही मला भेटले.

हौसेपोटी मी अशा घड्याळांविषयी वाचत असते. २०१९ साली पाटेक फिलिपने ५५२० हे घड्याळ काढलं, प्लॅटिनमचं. त्यात यांत्रिक गजर आहे आणि प्रवासात दोन ठिकाणच्या वेळा दाखवायची सोयही आहे. केसच्या आत हातोडी तारेवर आपटते आणि तास-मिनिटं वाजवून सांगणाऱ्या घड्याळासारखा मंजुळ नाद निघतो. पाचशेंहून जास्त सुटे भाग. माणसाच्या बुद्धीचं आणि हातांचं ते मोठं काम आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याचे दोन तासकाटे एकाच मिनिटकाट्याच्या आधारे चालतात आणि बटण दाबलं की काटा पुरा एक तास उडी मारतो. अर्ध्या तासाचा फरक त्यात बसत नाही. म्हणजे कोपरगावच्या आईला लीड्सची मुलगी त्यात दिसली नसती. ती दिसायला आपली वेळ जगाशी अर्ध्या तासाने फटकून आहे हे ओळखणारा आणि घड्याळ उलटं धरून बघणारा माणूस लागतो.

मी आता नाशिकला असते. वाडा पाडून तिथे इमारत झाली आहे, तळमजल्यावर काकूची खोली आहे. तिला काचबिंदू आहे. डोळ्यांत दोन वेगवेगळे थेंब घालायचे असतात, दोन्हींमध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवून, आणि सकाळ-संध्याकाळच्या वेळा चुकवून चालत नाही. मोबाइलचा गजर तिला कुठून वाजतोय ते कळत नाही आणि बंद करता येत नाही. 'क्रिकेट'चा आवाज तिला ओळखीचा आहे आणि दोनाच्या बाजूचं बटण बोटांनी सापडतं. म्हणून मी घड्याळ तिच्याकडेच ठेवलं आहे. चावी ती स्वतः भरते, दोन्ही बाजूंनी. काटा पुढच्या वेळेवर नेऊन ठेवायला शेजारची मुलगी येते, आणि महिन्यातून एकदा मी जाते तेव्हा मी. मागच्या खेपेला डोळ्यांचा दाब उतरला होता. पुढची तपासणी नाशिकला दिवाळीनंतर आहे; मी तिला न्यायला येते म्हटलं तर म्हणाली, "पहाटेची एसटी बरी पडते, तू कशाला येतेस? मी उठते ना तीनला."